पुस्तक नाही म्हणाले म्हणून परत फिरू नकोस

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. "ताई, गाइड म्हणतात विषय बदल, साहित्यच मिळत नाही," असं म्हणताना तुझा आवाज जसा पडला होता, तो आवाज मी ओळखते. पंचवीस वर्षांपूर्वी माझाही असाच पडला होता. म्हणून आज दुपारी ग्रंथालयातली गर्दी ओसरल्यावर हे सगळं लिहायला बसले. फोनवर तू मध्येच "हो गं ताई" म्हणतेस आणि विषय सोडून देतेस. लिहिलेलं असलं की पुन्हा काढून वाचशील.

आधी हे ऐक. विषय बदलू नकोस, निदान एवढ्यात तरी नको. खेड्यापाड्यांतून निघालेली जुनी मराठी नियतकालिकं हा विषय तू उगाच घेतलेला नाहीस. नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून 1967 पर्यंत 'दीनमित्र' चालवलं, हे तू मला दिवाळीत सांगत होतीस. समोरचा चहा गार झाला तरी तुझं लक्ष नव्हतं. इतक्या जिवाभावाने धरलेला विषय एका काउंटरवरच्या 'नाही'मुळे सोडायचा नसतो.

त्या 'नाही'चा अर्थ आधी समजून घे. काउंटरवरचा माणूस 'नाही' म्हणतो, तेव्हा ते पुस्तक त्याच्या इमारतीत नाही, एवढंच तो सांगत असतो. ते जगात नाही, महाराष्ट्रात नाही किंवा तुला मिळणार नाही, असं तो म्हणालेला नसतो. आपण मात्र ते तसंच ऐकतो आणि पिशवी उचलून एसटी स्टँडची वाट धरतो.

मीही तशीच धरली होती. तुला हे मी कधी सांगितलं नाही. एम.फिल.ला मला स्त्रियांनी चालवलेल्या जुन्या मराठी मासिकांवर काम करायचं होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीन वेळा गेले. पहाटेची गाडी धरायची, दुपारी पोहोचायचं, तालिकेचे कप्पे ओढून कार्डं चाळायची, चिठ्ठी भरून काउंटरवर द्यायची आणि वाट बघत बसायचं. तिन्ही वेळा चिठ्ठी तशीच परत आली. तिसऱ्या वेळी त्यावर तांबड्या शाईने 'उपलब्ध नाही' लिहिलेलं होतं. दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं, तसा अर्ज असतो, हे मला तिथे कोणीही सांगितलं नाही. मी विषय बदलला. ग्रामीण कादंबरी घेतली, कारण त्या कादंबऱ्या रॅकवर समोर दिसत होत्या. प्रबंधिका पूर्ण झाली, श्रेणीही चांगली मिळाली. पण पुढे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात सरांनी फळ्यावर 'आंतरग्रंथालयीन देवघेव' असे शब्द लिहिले आणि एका ग्रंथालयाने दुसऱ्या ग्रंथालयाकडून आपल्या वाचकासाठी पुस्तक उसनं आणायची रीत समजावून सांगितली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ती रीत तेव्हाही होती. मला फक्त ठाऊक नव्हती.

तुला मात्र ती आज ठाऊक होईल.

आपले आजोबा सावड करायचे, आठवतंय? आपल्याकडे एकच बैल होता आणि शेजारच्या मळ्यात एक. दोघांचे मिळून जोडी व्हायची, आधी त्यांचं रान नांगरायचं, मग आपलं. कागद नाही, करार नाही, पण कोणी शब्द मोडला तर पुढच्या हंगामात त्याला जोडी मिळायची नाही. ग्रंथालयांची देवघेव म्हणजे ही सावडच आहे. कोणत्याही विद्यापीठाच्या दावणीला सगळे बैल नसतात. मुंबई विद्यापीठ 1857 चं, नागपूरचं 1923 चं, पुण्याचं स्वातंत्र्यानंतरचं, मराठवाड्याचं 1958 चं, कोल्हापूरचं 1962 चं. प्रत्येकाच्या ग्रंथालयात त्या त्या भागातल्या देणग्या आल्या, त्या त्या प्राध्यापकांच्या आवडीची खरेदी झाली. म्हणून एका ठिकाणी जे ओसंडून वाहतं, त्याचं दुसरीकडे एक पानही नसतं. पुण्यातलं जयकर ग्रंथालय किंवा कोल्हापूरचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय कितीही मोठं असलं, तरी त्यांनाही कधीतरी दुसऱ्याकडे मागावंच लागतं. मग तुझ्या तालुक्याच्या कॉलेजने मागण्यात कसला आलाय कमीपणा?

ही सावड आपल्या देशात नीट बांधली गेली ती साधारण माझ्या शाळा-कॉलेजच्या वर्षांत. दिल्लीतल्या ग्रंथालयांनी 1988 मध्ये 'डेलनेट' सुरू केलं. नावात तेव्हा दिल्ली होती, पण आज देशभरातली ग्रंथालयं त्याची सभासद आहेत आणि सभासद एकमेकांना पुस्तकं देतात. 1991 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांची ग्रंथालयं जोडण्यासाठी 'इन्फ्लिबनेट'चा कार्यक्रम हाती घेतला. त्याचं केंद्र गुजरातेत आहे, आधी अहमदाबादला होतं, आता गांधीनगरला. त्याच वर्षी रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. डॉलर-पौंडांत पैसे भरून येणारी परदेशी जर्नल्स रातोरात महागली आणि ग्रंथालयांना वर्गण्या छाटाव्या लागल्या. एकट्याने सगळं विकत घ्यायचे दिवस संपले, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं. नव्वदच्या दशकात मुंबईत 'बॉनेट', पुण्यात 'पुणेनेट' अशी शहरापुरती जाळीही विणली गेली. पुढे सरकारी आधार आटला तशी यातली काही मंदावली, याचं मला आजही वाईट वाटतं. शहरातल्या शहरात सायकलवरून पुस्तक पोहोचवण्याइतकी सोपी सोय दुसरी नव्हती.

पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी एका माणसाने तुझ्यासाठी काम करून ठेवलंय. शं. ग. दाते. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी केली, पुढे 1950 पर्यंतचा भागही केला. लोक त्यांना सूचिकार दाते म्हणूनच ओळखतात. 1800 ते 1950 पर्यंतच्या मराठी नियतकालिकांच्या सूचीवरही त्यांचं नाव आहे. संगणक नाही, झेरॉक्स नाही, नुसते हाताने लिहिलेले कागद. अमुक नावाचं काही निघालं होतं आणि ते अमुक साली निघालं होतं, एवढी खात्री असली की शोधाला पाय फुटतात. तू गूगलवर सुरुवात केलीस, ती दात्यांपासून करायला हवी होती. सोमवारी आधी त्या सूचीचे खंड मागून घे. तुमच्याकडे नसतील तर मागवायच्या यादीत पहिला नंबर त्यांचा.

आता शोधायचं कसं ते सांगते, कारण निम्मं काम इथेच बिघडतं.

विद्यापीठांच्या एकत्रित तालिकेला 'इंडकॅट' म्हणतात. इन्फ्लिबनेटची आहे, घरबसल्या फुकट बघता येते. कोणतं पुस्तक कोणत्या विद्यापीठात आहे ते त्यात कळतं. डेलनेटचीही अशीच संयुक्त तालिका आहे, पण तिथून मागवायला तुमचं कॉलेज सभासद हवं. तू 'दीनमित्र' देवनागरीत टाकलंस, काही आलं नाही आणि तू 'नाही' लिहून मोकळी झालीस, बरोबर? बाळा, आपल्या तालिकांमध्ये मराठी नावं ज्याने जशी ऐकली तशी इंग्रजी अक्षरांत चढवलेली आहेत. 'दी' कोणी दोन 'ई' घालून लिहितो, कोणी एक 'आय' घालून. मधला 'न' कोणी 'ना' करतो. कोणी 'दीन' आणि 'मित्र' वेगळे तोडतो. ही सगळी रूपं एका वहीत लिहून एकेक करून टाकून बघ. मग संपादकाच्या नावाने शोध. मग गावाच्या नावाने. माझ्याकडे एक मुलगी आठ दिवस एक पुस्तक शोधत होती. शेवटी ते सापडलं ते लेखकाचं आडनाव आधी आणि नाव नंतर असं टाकल्यावर. पुस्तक आमच्या शेजारच्या जिल्ह्यातच होतं.

तसंच 'शोधगंगा' बघ. 2009 च्या नियमांपासून पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात तिथे जमा करायची पद्धत लागू झाली, आणि जुनेही पुष्कळ प्रबंध चढवले गेले आहेत. एकेका प्रकरणाची वेगळी फाइल असते. तू तिथे मजकूर वाचायला जातेस, पण माझं ऐक, शेवटची फाइल आधी उघड. संदर्भसूचीची. तुझ्या विषयाच्या जवळपास काम केलेल्याने कुठल्या ग्रंथालयात बसून कुठले अंक पाहिले, ते प्रस्तावनेत आणि ऋणनिर्देशात लिहिलेलं असतं. ऋणनिर्देश कोणी वाचत नाही. मी वाचते. तिथे ग्रंथालयांची नावं असतात, आणि तीच आपली वाट असते. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'साठी स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तकं आता 'इंटरनेट अर्काइव्ह'वर सापडतात, तिथेही नावांचे असेच हाल आहेत, तेव्हा ती वही जवळ ठेव.

एवढं झालं की मग तुमच्या ग्रंथपालांकडे जा. आणि इथे जरा माझं मोठेपण ऐकून घे. "सर, माझ्या विषयावर काही मिळेल का?" असं विचारत जाऊ नकोस. या प्रश्नाचं उत्तर कोणालाच देता येत नाही. नाव, लेखक किंवा संपादक, प्रकाशनाचं गाव, साल, आवृत्ती, नियतकालिक असेल तर वर्ष आणि अंक, लेख असेल तर पान कुठून कुठे, आणि हे कोणत्या ग्रंथालयात आहे, त्याचा तिथला वर्गांक काय, एवढं सगळं एका कागदावर सुवाच्य लिहून ने. आवृत्ती तर विसरूच नकोस. एकदा मी आमच्या एका प्राध्यापकांसाठी आवृत्ती न लिहिता पुस्तक मागवलं. तीन आठवड्यांनी आलं ते संक्षिप्त आवृत्तीचं. त्यांना हवी होती ती प्रस्तावना त्यात नव्हतीच. चूक माझी होती, वेळ मात्र त्यांचा गेला, आणि टपालाचा खर्चही त्यांनीच भरला.

तुमचे ग्रंथपाल कदाचित म्हणतील, आपल्याकडे असं कोणी मागवत नाही. माझ्या पाहण्यात अशी कॉलेजं आहेत जिथे सभासदत्वाची वर्गणी दरवर्षी भरली जाते, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, आणि वर्षभरात एकही पुस्तक मागवलेलं नसतं. यात त्यांचा दोष थोडा आणि आपला जास्त. वाचकानेच मागितलं नाही तर ग्रंथपालाने कोणासाठी मागवायचं? तेव्हा चिडू नकोस. नम्रपणे म्हण, "सर, आपण सभासद आहोत ना, मग माझ्यासाठी एवढं बघाल का? अर्ज मी भरून आणलाय." आणि सभासद नसाल, तर प्राचार्यांच्या नावे अर्ज कर, तुझ्या विभागातल्या आणखी दोघांच्या सह्या घे. तू उपकार मागत नाहीयेस. कॉलेजला ग्रंथालय असतं ते वाचकासाठी, आणि वाचक तू आहेस.

आणखी एक. पूर्ण पुस्तक मागवायच्या आधी अनुक्रमणिका मागव. दोन पानांचा फोटो पाठवायला समोरच्याला पाच मिनिटं लागतात. त्यावरून कळतं की तुला अख्खा ग्रंथ हवाय की एकच प्रकरण. प्रकरणच हवं असेल तर त्याची झेरॉक्स किंवा स्कॅन मागव. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी अशी माफक प्रत घेण्याला आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 52 मध्ये, मुभा आहे. भारतात विकत मिळतच नाही अशा पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी करता येतात, हेही त्याच कलमात आहे. पण बाजारात मिळणारं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स करून घेणं हे त्यात बसत नाही, आणि तुला ते शोभणारही नाही.

आता तू म्हणशील, ताई, आता सगळं ऑनलाइन झालंय. सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलंय ना! हो, आणलंय, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स, आणि 1 जानेवारी 2025 पासून केंद्र व राज्य सरकारच्या संस्थांना ती मिळायला लागली. तुझ्या विद्यापीठात ती चालू असेल तर तिचा पुरेपूर वापर कर, परदेशात तुझ्या विषयावर काय चाललंय ते बघ. पण तुझ्या 1920-30 च्या सुमाराच्या अंकांचं तिथे काय? ते कोणा बड्या प्रकाशकाच्या सर्व्हरवर नाहीत. ते कुठल्यातरी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, लोखंडी रॅकच्या खालच्या कप्प्यात, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात आहेत.

शिवाय ऑनलाइनचा एक बारकावा ग्रंथपाल म्हणून मला रोज टोचतो, तो तुलाही माहीत असू दे. छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेतं, म्हणून ते दुसऱ्याला देऊ शकतं. ई-बुक आणि ई-जर्नल बहुतेक वेळा भाड्याने घेतलेलं असतं, आणि दुसऱ्या संस्थेला ते द्यायचं की नाही हे करारावर अवलंबून राहतं. भाड्याच्या घरात पाहुणा किती दिवस ठेवायचा हे घरमालक ठरवतो, तसं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'यूजीसी-इन्फोनेट' या ई-जर्नल्सच्या व्यवस्थेत 22 ग्रंथालयांकडे इतर विद्यापीठांना लेखांच्या प्रती पुरवायचं काम सोपवलेलं होतं, ते याचसाठी की ज्याला वर्गणी परवडत नाही त्याचं अडू नये. म्हणून मी छापील संग्रह रद्दीत काढायला निघालेल्या समित्यांशी आजही भांडते. आपल्याकडचा एक गठ्ठा रद्दीत गेला की तो आपल्याच वाचकाचा जात नाही, सबंध सावडीतला एक बैल जातो.

आता पार्सल येतं तेव्हाची गोष्ट सांगते. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा बाहेरगावच्या एका विद्यापीठाकडून पुस्तक मागवलं. आमच्या इतिहासाच्या सरांसाठी. खाकी कागद, वर सुतळीची उलटसुलट गाठ, आत जुन्या वर्तमानपत्राची घडी आणि तिच्यात पुस्तक. तपकिरी कापडी बांधणी, कण्यावरची सोनेरी अक्षरं पुसट झालेली. आतल्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 1974 चा होता. म्हणजे इतकी वर्षं ते पुस्तक कोणीतरी मागेल म्हणून तिथे उभं होतं. आणि त्यात पेन्सिलीने लिहिलेला एक कागदाचा तुकडा होता, देवघेव विभागातल्या कोणा बाईंचं अक्षर असावं: 'पान 112 सुटलं आहे. जागेवर ठेवलंय. जपून.' बस, एवढंच. ओळख ना पाळख, आणि त्या बाईंनी तीनशे किलोमीटरवर आपलं एक सुटं पान माझ्या भरवशावर पाठवलं होतं.

सरांनी ते पुस्तक कॉलेजातच बसून वाचलं. सुट्या पानाला मी सेलोटेप लावला नाही, कारण त्याचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि कागद खातो. पान तसंच ठेवलं, मुदतीच्या चार दिवस आधी पुस्तक परत पाठवलं, आणि आत माझी चिठ्ठी घातली: 'पान 112 आहे तिथेच आहे. आभार.' त्यानंतर त्या ग्रंथालयाने मला कधी नाही म्हटलं नाही. पुढे बाई निवृत्त झाल्या असतील, मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण तिथली पुढची माणसंही माझं पत्र आलं की उत्तर देतात.

याच्या उलटही झालंय. आमच्याच एका वाचकाने दुसऱ्या एका ग्रंथालयाचं पुस्तक तीन आठवड्यांच्या बोलीवर घेतलं आणि चार महिने दाबून ठेवलं. मी रोज आठवण करून द्यायची, तो 'उद्या आणतो' म्हणायचा. तिकडून पहिलं पत्र आलं, दुसरं आलं, तिसरं थेट प्राचार्यांना आलं. शेवटी मी त्याच्या घरी गेले. पुस्तक टीव्हीच्या मागे होतं, कव्हरवर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं आणि आत निळ्या पेनने ओळीच्या ओळी अधोरेखित केलेल्या. पार्सल करायचा धीर झाला नाही. रविवारी एसटीने पाच तास जाऊन सोमवारी सकाळी मी ते स्वतःच्या हाताने परत केलं, भरपाई भरली. ते लोक मला रागावले नाहीत. फक्त त्यानंतरची दोन वर्षं आमच्या कॉलेजच्या एकाही मागणीला तिकडून उत्तर आलं नाही. त्या दोन वर्षांत ज्या मुलींना मी 'नाही मिळालं गं' म्हणाले, त्यांचा काय अपराध होता?

म्हणून तुला कळकळीने सांगते. बाहेरून आलेलं पुस्तक तुझ्या नावावर नसतं. ते तुमच्या ग्रंथपालांच्या सहीवर आलेलं असतं, तुमच्या कॉलेजच्या शब्दावर आलेलं असतं. ते यायच्या आधी तुझे ते तीन आठवडे मोकळे करून ठेव. परीक्षेचे पेपर तपासायचे असतील, घरी लग्नकार्य असेल, तर मागणी पंधरा दिवस पुढे ढकल. आलं की पहिल्या दिवशी पानं मोज, फाटलं-तुटलं असेल ते ग्रंथपालांना दाखवून लिहून घे. टिपणं वहीत काढ, पेन पुस्तकाजवळ आणूच नकोस. ग्रंथालयातच बसून वाच अशी अट असेल तर ती मनापासून पाळ. आणि मुदतीआधी परत कर. टपालखर्च किती पडेल याची चिंता असेल तर पोस्टात 'ज्ञान पोस्ट'ची चौकशी कर. 1 मे 2025 पासून टपाल खात्याने शैक्षणिक-सांस्कृतिक पुस्तकांसाठी ती सुरू केलीय. दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, त्यावर कर. जमिनीवरून जाते म्हणून जरा सावकाश पोहोचते, पण पार्सल कुठे आहे ते कळतं. पाठवणाऱ्या ग्रंथालयाला कुरिअर हवं असेल तर मात्र त्यांचंच ऐकायचं.

काही गोष्टी प्रवास करणारच नाहीत, हेही मनाशी ठेव. नियतकालिकांचे जुने बांधीव खंड, हस्तलिखितं, एकच प्रत उरलेली पुस्तकं कोणी बाहेर पाठवत नाही आणि पाठवूही नयेत. त्यांच्याकडे तुलाच जावं लागेल. मला माहीत आहे, धाकट्याला सोडून आठ-आठ दिवस पुण्या-मुंबईला राहणं तुला जमत नाही. सासूबाई कितीही समजूतदार असल्या तरी त्यांचे गुडघे आहेत. खरं सांगू, मला ही देवघेव इतकी मोलाची वाटते ती याचसाठी. ज्याला शहरात खोली घेऊन राहता येतं त्याचं कसंही भागतं. ज्या बाईला पहाटे डबे करून, तास घेऊन, संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेऊन रात्री दहाला स्वतःची वही उघडायची असते, तिच्यापर्यंत पुस्तकानेच चालत यायला हवं. तेव्हा जे येऊ शकतं ते सगळं मागवून घे, आणि जायचं ते फक्त न येणाऱ्यासाठी. मग आठ दिवसांचं काम दोन दिवसांत होतं. जायच्या आधी ग्रंथपालांचं शिफारसपत्र घे, तिथे फोन करून अंक खरंच रॅकवर आहेत की बांधणीला गेलेत ते विचार, आणि कोणते अंक पाहायचेत त्याची यादी आधी पाठव. मुंबईत एशियाटिक, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, अशा विद्यापीठाबाहेरच्या संस्थाही यादीत धर. मुक्कामाला माझ्या नणंदेचं घर आहेच. ती दोन दिवस तुला डबासुद्धा देईल.

आणि सावड म्हटली की आपलाही बैल द्यावा लागतो. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात गावातल्या वकिलांनी दिलेल्या जुन्या पुस्तकांची दोन कपाटं आहेत ना, जी कोणी उघडत नाही? मागे तू मला त्यांचा फोटो पाठवला होतास. मला त्यात निदान चार कणे असे दिसले की ते दुसरीकडे सहज सापडणार नाहीत. ग्रंथपालांना म्हण, मी सुट्टीत येऊन नोंदी करायला मदत करते. त्या नोंदी संयुक्त तालिकेत गेल्या की उद्या नांदेडची किंवा चंद्रपूरची कोणी मुलगी त्यातलं एखादं पुस्तक मागेल. आपल्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांचा अंकांचा गठ्ठा आहे, त्याबद्दलही मी मोठ्या काकांकडे शब्द टाकून ठेवलाय. पावसाळ्याआधी तो खाली उतरवू. वाळवी लागली नसली तर तुझ्या कामाचंच काही निघेल त्यातून, आणि तुझं झालं की तो गठ्ठा ग्रंथालयात द्यायचा.

गाइडना इतक्यात काही बोलू नकोस. सहा आठवड्यांची मुदत मागून घे, तेवढी ते देतील. सोमवारी वही घेऊन ग्रंथालयात जा, दात्यांची सूची, मग इंडकॅट, मग शोधगंगा, या क्रमाने. पाच पुस्तकांची यादी कर, जास्त नको. अर्जावर सही झाली की मला फोटो पाठव, वर्गांक मी एकदा डोळ्याखालून घालते. आणि पहिलं पार्सल आलं की सुतळी कापू नकोस, गाठ सोडव. तीच परत बांधायला लागते. पुस्तक उघडायच्या आधी आत कोणी चिठ्ठी ठेवलीय का ते बघ.